मी उदगीरला असताना

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले. पहिले सहा दिवस मी नुसती रडत होते. सातव्या दिवशी तुमच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, आणि त्या दुपारपासून मी तुमच्याशी भांडते आहे.

येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, बाई दुःखानं मुक्या झाल्या. मुकी कुठली! मेथी निवडताना, पाणी भरताना, तुमच्या चष्म्याची डबी उचलून परत तिथंच ठेवताना मी एकसारखी तुमच्याशी बोलत असते, आणि जे बोलते ते चारचौघांत ऐकवण्याजोगं नाही. पल्लवी परवा पुण्याला परत गेली. निघताना म्हणाली, "आई, बाबांचा फोटो अजून लावला नाहीस?" मी म्हणाले, "खिळा सापडत नाही." आपली पोरगी ती, तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बॅग उचलली. मी खोटं बोलले होते. या वयात शिकले. तुमच्याकडून.

आता सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत आहे सगळं, तरी ऐका. तुम्ही वर्गात म्हणायचात ना, उत्तर आलं तरी पायऱ्या लिहा.

मुकादम आपल्याकडं आला तेव्हा मी चाकूरजवळच्या उपकेंद्रात नर्स होते आणि तुम्ही चाकूरच्या शाळेत गणित शिकवत होतात. क्वार्टरच्या कंपाउंडची भिंत बांधायला गवंडी आले होते. कुठून तरी ते पिवळट पिल्लू आलं आणि वाळूच्या ढिगावर चढून बसलं. माणसं काम करत होती तोवर गप्प. कुणी बिडी ओढायला टेकलं की ह्याचं भुंकणं सुरू. तुम्ही खिडकीतून बघत होतात. "सुमन, ह्याला घरात घे," म्हणालात. "हा तर मुकादम हाय." भिंत झाली, गवंडी गेले, मुकादम राहिला. तुम्ही पेपर तपासायला बसलात की तो समोर बसायचा आणि तुमची मान डुलकीनं खाली गेली की एकदाच भुंकायचा. तुम्ही दचकून लाल पेन उचलायचात. मी स्वयंपाकघरात हसायचे.

निवृत्तीनंतर आपण नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला घर घेतलं, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. नव्या घरातली गुळगुळीत फरशी त्याला कधी मानवली नाही. तेराव्या वर्षी मागचे पाय घसरायला लागले. आधी वाटलं, फरशीच निसरडी आहे. तुम्ही मोंढ्यातून गोणपाटं आणून दारापासून न्हाणीपर्यंत अंथरलीत. मग गोणपाटावरही पाय फाकायला लागले. उभं राहायला जायचा, मागचा भाग थरथरायचा आणि बसकन खाली. खाली बसला की आपल्याकडं न बघता दुसरीकडंच बघायचा, जणू त्याला बसायचंच होतं.

मग एक दिवस अंथरुणातच लघवी झाली. तेरा वर्षांत त्यानं घरात एक थेंब सांडला नव्हता. मी फडकं घेऊन गेले तर तो त्या ओल्यावरून सरकायचा प्रयत्न करत होता. पुढचे दोन पाय फरशीवर मारत होता आणि मागचं अंग तिथल्या तिथंच. तो लाजत होता हो. मी हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण तीस वर्षं मी आजारी माणसांची अंथरुणं बदलली आहेत, मला ती नजर ओळखता येते. माणसाची असो नाहीतर कुत्र्याची.

तुम्ही तेव्हा जे केलंत ते मी विसरलेले नाही. रागातही विसरता येत नाही, हीच तर अडचण आहे. माझ्या जुन्या इरकलीचा काठ फाडून तुम्ही झोळी केलीत. ती त्याच्या पोटाखालून घ्यायची, दोन्ही टोकं हातात धरायची आणि कमरेत वाकून त्याच्या मागं मागं चालायचं. कॉलनीतले लोक थट्टा करायचे, "सर, गाडी ढकलून राहिले का?" तुम्ही म्हणायचात, "न्हाई, मुकादम पुढं हाय, मी मजूर हाय." लघवी तुंबायला लागली तेव्हा मी तुमचा हात धरून दाखवलं, इथं, पोटाच्या खालच्या अंगाला, अलगद दाबायचं, मागच्या बाजूला. पहिल्या वेळी तुम्ही दोनदा हात मागं घेतलात. आठ दिवसांत माझ्याहून चांगलं जमायला लागलं. कॅलेंडरवर तुम्ही वेळा लिहायला लागलात, किती वाजता झाली, किती वाजता नाही. वर मथळा घातलात, 'हजेरी'. आणि ते ओले कपडे! मला हात लावू दिला नाहीत. "तू जन्मभर बाळंतिणींचं धुतलंस, आता माझी पाळी," म्हणालात. सकाळी उठून यावं तर मागच्या दोरीवर जुन्या लुगड्यांचे तुकडे ओळीनं वाळत असायचे आणि तुम्ही न्हाणीच्या उंबऱ्यावर हात धूत बसलेले.

त्याला उचलताना तुम्हाला धाप लागायची. वीस-बावीस किलोचं धूड. मी म्हणायचे, वय झालं तुमचं, आणि पुन्हा त्याच्या कुल्ह्याच्या जखमेकडं वळायचे. मी नर्स. माझ्यासमोर माणूस भिंतीला हात टेकून श्वास घेत होता आणि माझं सगळं लक्ष कुत्र्याच्या जखमेत. हे मला आता आठवतं. त्या सकाळी आंघोळ करून तुम्ही खुर्चीत बसलात ते बसलातच. मी तुम्हाला खाली घेतलं, तुमची छाती दाबत राहिले. लोक म्हणतात, बाई, तुम्ही खूप केलं. मी दोन वर्षं आधी करायला पाहिजे होतं.

पण आज तो विषय नाही. आज माझा हिशोब नको, तुमचा जाब हवा.

माधव आठवतो ना, तुमचा विद्यार्थी, आता जनावरांचा डॉक्टर. मुकादमला तपासायला तोच घरी यायचा. त्यानं एक दिवस जखमा पाहिल्या, दोन्ही कुल्ह्यांची हाडं दिसायला लागली होती. हात धुवून आला आणि तुमच्याकडं बघून म्हणाला, "सर, आता त्याला मोकळं करावं. एक इंजेक्शन. त्याला काही कळणार नाही."

तुम्ही काही बोलायच्या आत मी बोलले. "अंथरुणाला खिळलेली माणसं दोन-दोन वर्षं असतात. त्यांना आपण मोकळं करतो का रे, माधव?"

"बाई, माणूस सांगू शकतो."

"काय सांगतो? तीस वर्षांत एकानं मला म्हटलं नाही, बाई, मला मारून टाका. पाणी मागतात सगळे."

तो गेल्यावर आपलं भांडण झालं. आपली भांडणं म्हणजे मी बोलायचं आणि तुम्ही गॅलरीत जायचं. त्या दिवशी तुम्ही गेला नाहीत. म्हणालात, "सुमन, त्याचं दुखून राहिलंय. मला बघवत न्हाई."

"बघवत नाही म्हणून मारायचं? रोज सकाळी बुद्धवंदना घेता. पहिलं शील काय म्हणता तोंडानं, जीव घेणार नाही, हेच ना? ते काय फक्त माणसांपुरतं?"

तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवलात. मग म्हणालात, "बरं. तू हाव म्हटल्याबिगर काही करणार न्हाई. शब्द देतो."

मी त्या शब्दावर झोपले. कॉपी केलेला पेपर दिसला म्हणून स्वतःच्या पुतण्याला नापास करणारा माणूस तुम्ही. दुकानदारानं चुकून जास्त माल दिला तर उन्हातून परत नेऊन देणारा. तुम्ही खोटं बोलू शकता, हे लग्नाच्या बत्तीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं हाच माझा संसार होता.

त्यानंतर महिन्याभरानं विमलचं ऑपरेशन ठरलं. धाकटी बहीण, नवरा नाही, उदगीरला एकटी. मी गेले नसते तर कोण जाणार? निघताना मी मुकादमच्या सगळ्या वस्तू ओळीनं मांडल्या, मीठ घालून उकळलेलं पाणी कसं करायचं ते पुन्हा सांगितलं, गोळी गुळाच्या खड्यात दाबून दाखवली. तुम्ही म्हणालात, "जा बिनघोर. मी हाय ना." त्याच्यापाशी वाकून मी सांगितलं, "आठ दिवसांत येते रे. थांब." त्यानं शेपूट हलवलं नाही. शेपूट हलणं केव्हाच थांबलं होतं. फक्त भुवया वर केल्या.

दहाव्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. "सुमन, मुकादम गेला गं."

मी विचारलं, "कसा?"

"झोपेतच. चहा झाल्यावर बघायला गेलो तर थंड होता."

"कोणत्या कुशीवर होता?"

तुम्ही थोडं थांबलात. मला वाटलं, रडताय. "डाव्या."

"म्हणजे उजवी जखम दबली नव्हती ना?"

"न्हाई. मोकळी होती."

तुम्हाला कळतंय का, त्या एका डाव्या कुशीवर मी दोन वर्षं काढली? विमलला सांगितलं, शेजारी सांगितलं, भाजीवालीला सांगितलं. झोपेतच गेला, डाव्या कुशीवर होता, जखम दबली नव्हती. लोक म्हणायचे, पुण्यवान जीव. मीही म्हणायचे. आणि घरात, तुमच्यासमोर, दुसरंच म्हणायचे. आठवतं? कालव्याच्या बाजूला तुमच्या मित्राच्या शेतात त्याला पुरलं होतंत, तिथं मला नेलंत तेव्हा मी त्या मातीकडं बघून म्हणाले होते, "चौदा वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. दोन दिवस थांबवलं नाही तुला?"

मी रुसले होते त्याच्यावर. खरोखर रुसले होते. त्याचं पाण्याचं भांडं उचलून मी माळ्यावर टाकलं. त्याचा विषय निघाला की म्हणायचे, शेवटी जनावरच ते. आणि तुम्ही, हे सगळं ऐकत, बशीत चहा ओतून बसायचात. एकदा तर म्हणालात, "जाऊ दे गं, त्याला काय कळतंय." ज्याची हजेरी कॅलेंडरवर मांडायचात त्याच्याबद्दल!

तो थांबला नाही, असं मला दोन वर्षं वाटू दिलंत तुम्ही. एक शब्द बोलला असतात तर त्याच्यावरचा आळ गेला असता. तो शब्द तुमच्यावर आला असता म्हणून बोलला नाहीत. तुम्ही त्याला माझ्यासमोर गुन्हेगार करून ठेवलंत, आणि तो बिचारा कालव्याकाठी मातीखाली. साक्ष द्यायला कोण येणार?

माधव आला.

पुण्यानुमोदन आटोपलं होतं. लोक जेवून निघत होते. मी हातात पाण्याचा तांब्या घेऊन दारापाशी उभी होते. माधव ताट तसंच ठेवून माझ्याजवळ आला. "बाई, सरांचं काय बोलू? पण तुमचं एक सांगायचं राहून गेलं होतं मनात. मुकादमच्या वेळेस तुम्ही फोनवर हाव म्हणलात ना, ते लई अवघड असतंय. लोकांना जमत नाही. मी आजबी लोकांना तुमचं सांगत असतो."

मला आधी काही कळलंच नाही. तो बोलत राहिला. "सर त्याला झोळीत घालून रिक्षानं घेऊन आले. मी म्हणलो, सर, बाईचं काय? ते म्हणले, तिनंच सांगितलंय. उदगीरला हाय, तिच्यानं बघवणार न्हाई, पण हाव म्हणली. मी म्हणलो, एकदा बोलू का त्यांच्याशी? तर म्हणले, नको, रडंल ती." मग म्हणाला, "झाल्यावर लई वेळ पायरीवर बसून होते. मी पाणी दिलं तर म्हणले, माधव, आज तू मला काही इचारू नको."

तांब्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं. माधव माझ्या तोंडाकडं बघत होता. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "हो रे. अवघड होतं."

कळलं का, मी काय केलं ते? सातव्या दिवशी, तुमच्या नावानं जमलेल्या माणसांत, तुमच्या विद्यार्थ्यासमोर मी तुमचं खोटं झाकलं. मी हाव म्हटलं होतं, असं मी स्वतः सांगितलं. आता त्या मरणावर माझीही सही आहे. तुम्ही माझ्या नावानं केलीत, मी खाली अंगठा उठवला. आणि त्याच क्षणी मला तुमचा इतका राग आला, की तुम्ही समोर असता तर तो तांब्या फेकून मारला असता.

शब्द मोडलात, ते मी समजू शकते. पहिलं शील तुम्ही त्याच्यासाठी मोडलंत. रोज त्याचं ओलं बदलणारा माणूस, त्याचं कण्हणं तुम्ही कुठवर ऐकणार? ते मोडताना तुमचं काय झालं असेल, हे पायरीवर बसलेल्या माणसावरून मला कळतं. पण चौथं? खोटं बोलणार नाही, ते? ते तुम्ही माझ्यासाठी मोडलंत, माझ्याशीच. रोज सकाळी, सातशे सकाळी, माझ्या शेजारी मांडी घालून बसलात, हात जोडलेत आणि पाचही शीलं म्हणालात. चौथ्याला आवाज खाली गेला असेल तर मला ऐकू आला नाही. मी डोळे मिटून तुमच्या आवाजात आवाज मिसळत होते.

आता माझं एक. ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही.

विमलला आठव्या दिवशीच चालता येत होतं. ती म्हणाली होती, "ताई, तू जा, भाऊजी एकटे पडलेत." मीच राहिले. तिच्या घरी सकाळी उठलं की अंथरूण कोरडं असायचं. वास नव्हता. कुणी कण्हत नव्हतं. मी दुपारी दोन-दोन तास झोपायचे, उठून कोपऱ्यावरच्या दुकानातून भजी आणायचे, बहिणीशी लहानपणचं बोलायचे. आठव्या दिवशी तुमचा फोन आला होता. "कधी येतीस?" तुमच्यामागं तो ओरडत होता. भुंकणं नव्हतं ते. मला फोनमधून स्वच्छ ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "त्याचं आज लई दुखून राहिलंय, सुमन."

मी म्हणाले, "विमलला अजून बरं नाही. दोन दिवस लागतील."

तुम्ही म्हणालात, "बरं." एवढंच. फोन ठेवलात.

तुम्हाला माहीत होतं का? विमल बरी आहे, हे तुम्ही तिच्याकडून ऐकलं होतं का? त्याला मरू देऊ नका म्हणून मी तुम्हाला बजावून गेले होते आणि जगवायला मात्र आले नाही. त्याचं मरण नाकारणारी मी, आणि त्याच्या जगण्याजवळ बसलेले तुम्ही. हे मी आज सांगते आहे. म्हणून तुमचं माफ झालं असं समजू नका. माझी चूक मोठी निघाली म्हणून तुमची लहान होत नाही. गणिताचे मास्तर होतात, तुम्हाला तरी हे सांगावं लागू नये.

तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं, हे तुम्ही ओळखून होतात. बरोबरच होतं ते. पण विचारायला हवं होतं. मला नाही म्हणू द्यायचं होतं, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत त्याला उचलून न्यायचं होतं. मी दारात आडवी झाले असते. तोंडाला येईल ते बोलले असते, तुमच्या आईचा उद्धार केला असता. विमलकडं निघून गेले असते. परत येऊन वर्षभर तुमच्याशी बोलले नसते, ताट वाढून निमूट निघून गेले असते. कॉलनीला कळलं असतं, पल्लवीला मध्ये पडावं लागलं असतं. व्हायचं ते झालं असतं.

आणि मग कधी तरी, एखाद्या साध्या सकाळी, तुमच्यापुढं कप ठेवता ठेवता मी विचारलं असतं, "माधवनं सुई टोचली तेव्हा त्याचं डोकं कुणी धरलं होतं?"

तुम्ही म्हणाला असतात, "मी."

मी समोरची खुर्ची ओढून बसले असते.